सायकल, संसार आणि सेवा

(द्वितीय वर्ष, कला)

प्रवास आणि धर्म यांचे नाते फार जुने आहे. आपल्याकडे तर धर्म म्हटला की पायांखालची वाट आठवते. पंढरीची वारी आहे, नर्मदेची परिक्रमा आहे, चक्रधरांचे अटन आहे, आणि खराटा घेऊन गावोगाव फिरलेले गाडगेबाबा आहेत. मात्र बायकामुलांसह सारे बिऱ्हाड सायकलवर लादून हजारो किलोमीटर जायचे आणि त्या जाण्यालाच देवाची सेवा म्हणायचे, ही कल्पना आपल्या कानांना नवीन वाटते. अमेरिकेत काही ख्रिस्ती कुटुंबे असे प्रवास करतात. समाजशास्त्राच्या तासाला ‘कुटुंबसंस्था’ हे प्रकरण चालू असताना हा विषय निघाला, तेव्हा आमच्या सरांनी हसून विचारले, “याला सेवा म्हणायचे की हौस?” वर्गाने एकमुखाने ‘हौस’ असे उत्तर दिले. मला तो निकाल घाईचा वाटला, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी शब्दाकडे पाहू. इंग्रजीत अशा कार्याला ‘मिनिस्ट्री’ म्हणतात. या शब्दाच्या मुळाशी ‘मिनिस्टर’ हा लॅटिन शब्द आहे आणि त्याचा अर्थ नोकर, वाढपी, हाताखालचा माणूस असा आहे. आपल्याकडे मिनिस्टर म्हटल्यावर डोळ्यांसमोर वाढपी उभा राहत नाही, हे सोडून द्या. मराठी ख्रिस्ती लोक याला ‘सेवा’ म्हणतात आणि तोच शब्द अधिक जवळचा आहे. तेव्हा प्रश्न असा पडतो की, सायकलवरून जाणारे आईबाप आणि त्यांची पोरे वाटेत नेमकी कोणाची सेवा करतात?

याचे उत्तर शोधताना मला शुभवर्तमान चाळावे लागले. मार्कच्या सहाव्या अध्यायात येशू आपल्या बारा शिष्यांना दोघादोघांनी पाठवतो. बरोबर काय घ्यावे यापेक्षा काय घेऊ नये याचीच यादी तेथे मोठी आहे. भाकरी नको, झोळी नको, कंबरेला पैसा नको. काठी चालेल, पायांत वहाणा चालतील. ज्या घरात उतराल तेथेच गाव सोडीपर्यंत राहा, असेही तो सांगतो. लूकच्या दहाव्या अध्यायात आणखी एक सूचना आहे: पुढ्यात जे वाढतील ते खा. वरवर पाहता या प्रवासाच्या साध्या सूचना वाटतात. परंतु विचार केला तर त्यांत फार मोठी गोष्ट दडलेली आहे. ज्याच्याजवळ भाकरी नाही आणि पैसा नाही, त्याला दुसऱ्याचे दार ठोठवावेच लागते. म्हणजे शिकवायला निघालेला माणूस पहिल्याच संध्याकाळी मागणारा होतो. हे त्या सूचनांत चुकून आलेले नसावे.

कुटुंबाने मिळून फिरण्याचा आधारही त्याच ग्रंथात सापडतो. क्लौद्य बादशहाने यहुद्यांना रोम सोडायला लावले, तेव्हा अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे जोडपे करिंथला आले. दोघेही तंबू करणारे कारागीर होते. पौल त्यांच्या घरी राहिला, त्यांच्याबरोबर काम करू लागला आणि पुढे ती दोघे त्याच्यासोबत इफिसला गेली. दुसरीकडे पौल करिंथकरांना लिहितो की, इतर प्रेषित आणि केफा आपापल्या पत्नीला बरोबर घेऊन फिरतात. तो स्वतः मात्र एकटाच फिरला. पुढच्या शतकांत फिरत्या उपदेशकाचे जे चित्र लोकांच्या मनात ठसले, ते या एकट्याचेच. अठराव्या शतकातील जॉन वेस्ली हे त्याचे ठळक उदाहरण होय. वेस्ली यांनी जन्मभर घोड्यावरून इंग्लंड पालथे घातले, पण त्यांचे वैवाहिक जीवन सुखाचे झाले नाही. घर एका बाजूला आणि रस्ता दुसऱ्या बाजूला, अशीच ही परंपरा चालत आली. आपल्या अहिल्यानगरात (पूर्वीचे अहमदनगर) १८३१ पासून काम केलेल्या अमेरिकन मराठी मिशनचे लोक हिवाळ्यात तंबू घेऊन खेड्यांतून फिरत, तेव्हा काही जण कुटुंबही बरोबर नेत. परंतु त्यांच्याबरोबर बैलगाड्या, सामान आणि नोकरचाकर असत. मार्कच्या यादीपासून ते बरेच दूर होते.

आता सायकलकडे येऊ. दोन सारख्या चाकांची, मागच्या चाकाला साखळी असलेली आजची सायकल जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ मध्ये कॉव्हेंट्री येथे तयार केली. १८८८ मध्ये डनलॉप यांची हवेची धाव आली आणि बसणाऱ्याची हाडे शाबूत राहू लागली. आपल्या लोकांनी तिच्यावरून जगाची फेरीही मारली आहे. १९२३ मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण निघाले. त्यांतील हकीम, बापासोला आणि भूमगरा हे तिघे सुमारे ४४,००० मैलांचा प्रवास करून १९२८ मध्ये परत आले. पण ते तरुण होते, तालीमबाज होते आणि मुख्य म्हणजे सडेफटिंग होते.

कुटुंबाचा हिशेब वेगळा असतो. लहान मुलाला बसण्यासाठी मागे दोन चाकांची छपराची गाडी जोडतात. थोड्या मोठ्या मुलासाठी बापाच्या सायकलच्या मागे एक चाक आणि पायडल असलेली अर्धी सायकल अडकवतात. मूल दमले तर नुसते बसते, हुरूप आला तर पाय मारते. काही जण एका सांगाड्यावर दोन किंवा अधिक जण बसतील अशी टँडेम घेतात. तंबू, अंथरूण, स्टोव्ह, कपडे, पंक्चरचे सामान, जादा स्पोक हे सारे चाकांच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत भरायचे. भरल्या सायकलवर तगडा माणूस दिवसाला ८० ते १०० किलोमीटर सहज जातो. मुले बरोबर असली की ४० ते ६० म्हणजे खूप झाले. मुलाला भूक लागते, शी लागते, बेडूक दिसला की थांबायचे असते.

अमेरिकेत अशा प्रवासाचा सर्वांत प्रसिद्ध मार्ग आहे ट्रान्सअमेरिका ट्रेल. त्याच्या मुळाशीही दोन जोडपीच आहेत. ग्रेग आणि जून सिपल, तसेच डॅन आणि लिस बर्डन ही चौघे १९७२ मध्ये अलास्काहून दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडे सायकलने निघाली. वाटेत डॅन बर्डन कावीळीने आजारी पडल्याने ते जोडपे परतले. सिपल पतिपत्नींनी १९७५ मध्ये प्रवास पुरा केला. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०० वर्षे होतील तेव्हा देश सायकलवरून ओलांडावा, ही कल्पना त्या प्रवासातच निघाली. १९७६ च्या उन्हाळ्यात सुमारे ४,००० माणसे या मार्गावर उतरली आणि त्यांपैकी सुमारे २,००० जणांनी तो पूर्ण केला. पॅसिफिकच्या काठच्या ऑरेगनपासून अटलांटिककडच्या व्हर्जिनियातील यॉर्कटाउनपर्यंत हा मार्ग १० राज्यांतून जातो. लांबी सुमारे ६,८०० किलोमीटर. रोज ६० किलोमीटर धरले तरी ११३ दिवस होतात. त्यात रविवारची विश्रांती, पाऊस, आजारपण मिळवा. चार महिने कोठे गेले नाहीत.

या मार्गाने मोठी शहरे जाणूनबुजून टाळली आहेत. त्यामुळे वाटेत लागतात ती खेडी, शेते आणि डोंगर. केंटकीच्या पूर्व भागात चढउतार तर आहेतच, पण सायकलस्वारांना त्याहून धास्ती असते ती मोकाट कुत्र्यांची. (हे वाचून मला आपुलकी वाटली.) कॅन्ससमध्ये दिवसचे दिवस सपाट गव्हाची राने आणि समोरून वारा. तेथील न्यूटन आणि हेस्टन ही गावे या मार्गावर आहेत. या भागात १८७४ च्या सुमारास रशियातून मेनोनाइट पंथाची कुटुंबे आली. शस्त्र हाती घ्यायचे नाही हे त्यांचे व्रत, आणि रशियात सैन्यभरतीची सक्ती येऊ घातली होती; म्हणून त्यांनी मुलाबाळांसह देश सोडला आणि येताना गव्हाचे बियाणे आणले. श्रद्धेसाठी आख्खे कुटुंब रस्त्यावर येण्याचे हेही एक उदाहरण. पुढे कोलोरॅडोत हूझियर खिंड लागते. तिची उंची सुमारे ३,५०० मीटर आहे. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक ठेवून वर आणखी चढायचे, मागे पोराची गाडी ओढत.

आता मूळ प्रश्न. एवढे करून सेवा कोणती? अशी कुटुंबे रविवारी वाटेतल्या चर्चमध्ये जातात, गाणी म्हणतात, आपला अनुभव सांगतात, कोणी दुःख सांगितले तर त्याच्यासाठी प्रार्थना करतात, कधी एखाद्या कामासाठी निधी गोळा करतात. निधीचे काम मोठ्या प्रमाणावर करणारेही आहेत. ख्रिश्चन रिफॉर्म्ड चर्चच्या लोकांनी २००५, २००८ आणि २०१३ या वर्षी गरिबांसाठी पैसे उभे करायला एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सायकलयात्रा काढल्या. बेघरांसाठी घरे बांधणाऱ्या फुलर सेंटरने २००८ पासून अशा यात्रा सुरू केल्या. स्वार रात्री चर्चमध्ये झोपतात आणि मधल्या काही दिवशी हातात हातोडा घेऊन घरे दुरुस्त करतात. ही कामे उत्तमच आहेत. पण खरे सांगायचे तर, पैसे गोळा करायला सायकल लागतेच असे नाही आणि प्रार्थना घरी बसूनही होते. माझ्या मते या प्रवासातील सेवा दुसऱ्याच ठिकाणी आहे. ती दार ठोठावण्यात आहे.

मोटारीतून आलेला उपदेशक स्वतःचे सारे घेऊन येतो, बोलतो आणि काच वर करून जातो. घामाने भिजलेले, चाक पंक्चर झालेले कुटुंब अंगणात उभे राहिले की बोलण्याआधी पाणी मागते. यजमान वर आणि पाहुणा खाली अशी जागा होते. अशा वेळी पाहुण्याला कोणावर काही लादता येत नाही. वाढलेले खावे लागते, सांगितलेले ऐकावे लागते. मिशनरी म्हटले की आपल्याकडे धर्मांतराचा वाद येतो. उपकार करणारा वरच्या पायरीवर असला की त्या वादाला धार येते, कारण घेणाऱ्याला ‘नाही’ म्हणणे जड जाते. येथे ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार पूर्णपणे घरवाल्याकडे आहे. त्यात बरोबर मूल असेल तर दार लवकर उघडते. एकट्या परक्या पुरुषाकडे लोक फटीतून पाहतात. पेंगुळलेल्या पोराकडे पाहून कडी निघते.

दार उघडणाऱ्यांपैकी एक नाव या मार्गावर फार आदराने घेतले जाते. व्हर्जिनियातील ब्लू रिज डोंगराच्या चढावर ॲफ्टन नावाचे गाव आहे. तेथे जून करी आपल्या वडिलांसह राहत असत. १९७६ मध्ये चढ चढून अर्धमेले झालेले सायकलस्वार त्यांच्या दाराशी पाणी मागू लागले. बापलेकींनी पाणी दिले. जवळपास दुकान नव्हते, लोक भुकेले असत, म्हणून जूनबाई बिस्किटे भाजू लागल्या. पुढे शेजारचे घर रात्रीच्या मुक्कामासाठी उघडे ठेवले. ते घर स्वारांनी ठेवलेल्या वस्तूंनी आणि जगभरातून पाठवलेल्या पत्रांनी भरून गेले. २०१२ मध्ये ९१ व्या वर्षी त्या वारल्या, तोवर हजारो सायकलस्वार तेथे थांबून गेले होते. ‘कुकी लेडी’ हे त्यांचे नाव मार्गभर झाले. त्या कोठे फिरल्या नाहीत, उपदेश केला नाही. तसेच केंटकीतील सेब्री येथील बाप्टिस्ट चर्च, व्हर्जिनियात एल्क गार्डनचे मेथडिस्ट चर्च, ऑरेगनमधील डेव्हिल गावचे प्रेस्बिटेरियन चर्च यांनी वर्षानुवर्षे अनोळखी सायकलस्वारांना रात्रीचा निवारा दिला. आपल्या खेड्यातील मारुतीच्या देवळासारखेच हे. फरक इतकाच की तेथे आंघोळीला गरम पाणी असते.

पाहुण्याने किती घ्यावे याचाही विचार झालेला आहे. ‘दिदाखे’ नावाचे ख्रिस्ती धर्माच्या अगदी आरंभीच्या काळातील एक छोटे पुस्तक १८७३ मध्ये इस्तंबूल येथील एका हस्तलिखितात सापडले. फिरत्या प्रेषिताबद्दल त्यात नियम आहे: त्याने एक दिवस राहावे, गरज असल्यास दोन. तीन दिवस राहिला तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी घ्यावी. पैसे मागितले तर तोही खोटा. हा नियम वाचून मला आमच्या आजीची आठवण झाली. तिसऱ्या दिवशी पाहुण्याला ती निंदायला रानात नेत असे.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण ते मला मोडीत काढता येत नाहीत. पहिला आक्षेप मुलांचा. व्रत आईबापांचे, पायडल मुलाचे. अमेरिकेत सर्व राज्यांत मुलांना घरी शिकवणे कायदेशीर आहे, त्यामुळे शाळेची अडचण सुटते; संमतीची सुटत नाही. एका माणसाच्या ध्यासामागे सारे घर कसे फरफटत जाते, हे मराठी वाचकाला परदेशातून शिकण्याची गरज नाही. रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनी पाच वर्षे विरहात काढली आणि १९०० मध्ये राहुरीला स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. न सांगता घराबाहेर पडणाऱ्या नवऱ्याबरोबरचा संसार त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त असा काही लिहिला आहे की हसावे की रडावे ते कळत नाही. माझ्या समजुतीने लक्ष्मीबाईंची ती पाच वर्षे ही मुख्य गोष्ट आहे. त्यांना थांबायला मिळाले. सायकलच्या मागे जोडलेल्या अर्ध्या सायकलला ब्रेक नसतो.

दुसरा आक्षेप ‘हौस’ हा. माझे वडील सेंट्रिंगचे काम करतात आणि १४ किलोमीटर सायकल मारून शहरातील मजूर अड्ड्यावर जातात. आमच्या घरात सायकल यात्रेची वस्तू कधीच नव्हती. चार महिने काम सोडणे दूरच, चार दिवस सोडले तर किराणा थांबतो. तेव्हा साठवलेल्या पैशावर गरिबीचा प्रवास करणे ही श्रीमंत देशाची गोष्ट आहे, हे वर्गाचे म्हणणे मला मान्य आहे. पण त्या कारणाने तो प्रवास खोटा ठरत नाही. ज्याच्याकडे आहे त्याने काही दिवस मागणाऱ्याच्या जागी उभे राहावे, हे मला थोडे वाटत नाही.

तिसरा आक्षेप मात्र मला सर्वांत जड वाटतो आणि तो वर्गात कोणी घेतला नाही. दार मुलाकडे पाहून उघडते, हे मी वर लिहिले. कोणाच्या मुलाकडे पाहून? न्यूयॉर्कमधील व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या पोस्टमनने १९३६ पासून एक मार्गदर्शिका काढली होती. काळ्या प्रवाशाला कोणत्या गावात खोली मिळेल, कोठे जेवण मिळेल, याची ती यादी. सुमारे ३० वर्षे ती निघत राहिली. मोटारीत पेंगणारी मुले असलेल्या काळ्या कुटुंबांना खोल्या रिकाम्या असूनही पुढे धाडले जात होते. हॉटेलात असा भेद करण्यास बंदी घालणारा कायदा १९६४ मध्ये झाला आणि १९७६ मध्ये सायकलींचा तो मेळा निघाला. मध्ये फक्त १२ वर्षे आहेत. तेव्हा चर्चच्या उघड्या दाराचे कौतुक करताना पाहुण्याचा रंग कोणता होता, हेही विचारले पाहिजे.

मी आठ वर्षांचा असताना आम्ही चौघे एकाच सायकलवरून मामाच्या गावाला निघालो होतो. मी दांडीवर, आई कॅरिअरवर, तिच्या मांडीवर बहीण. पावसात साखळी तुटली. एका वस्तीवर वडिलांनी आवाज दिला. आतून प्रश्न आला, “कोण गावचे?” वडिलांनी गाव सांगितले. मग दुसरा प्रश्न, “कोणाचे?” या दुसऱ्या प्रश्नाचा अर्थ मला तेव्हा कळला नाही, आज तो या महाविद्यालयातील प्रत्येकाला कळतो. वडिलांनी खरे सांगितले. आम्हाला गोठ्याच्या पडवीत बसू दिले आणि पाणी वरून ओंजळीत ओतले. पुढ्यात वाढलेले खा, हा नियम पाहुण्यासाठी सोपा आहे. वाढणाऱ्याने ताट कोणते घ्यावे याबद्दल लूकच्या त्या अध्यायात काही नाही.

म्हणूनच मला जूनबाईंची पहिली कृती बिस्किटांपेक्षा मोठी वाटते. त्यांनी आधी पाणी दिले.

आमच्या वस्तीवरून आषाढात एक दिंडी जाते. तीन वर्षांपूर्वी आईने रस्त्याच्या कडेला रांजण मांडला, त्यावर पेला ठेवला आणि शेजारी उभी राहिली. पहिल्या वर्षी फार थोड्यांनी पेला उचलला. दुसऱ्या वर्षी एका म्हाताऱ्या वारकरी बाईने थांबून पाणी घेतले, तोंडावरून हात फिरवला आणि मागच्या बायकांना हाक मारली. त्या दिवशी दुपारपर्यंत रांजण दोनदा भरावा लागला. यंदा आईने दुसरा रांजण आणून ठेवला आहे.